रंगाच्या कंपनीचा मागचा कोपरा

आमच्या कामात मातीच्या पिशव्या लॅबला जातात आणि किस्से आमच्याकडं राहतात. पिशव्यांना नंबर तरी असतात, किस्से नुसतेच साठत जातात. टपरीवर सांगितले तर लोकांना वाटतं हा बनवून सांगतोय. मला तसंही चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढतोय.

काम असं होतं. इंदापूर रस्त्याला रंग बनवायची एक कंपनी बंद पडली होती. ती जागा साफ करून तिथं बाग आणि अंगणवाडी करायचं ठरलं. जमिनीत कुठं काय मुरलंय ते शोधायला पुण्याहून केतकी मॅडम आल्या. बोअर मारायला मी आणि काटेवाडीचे तात्या. नववीत शाळा सोडल्यापासून मी हेच करतो.

अंगणवाडी संगीताताईंची. शेजारच्या वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये त्या पोरं सांभाळतात. नकाशात त्यांची नवी इमारत मागच्या कोपऱ्यात दाखवली होती, कारण पाण्याची लाइन तिथून जाते. कंपनीची थिनरची टाकी जमिनीत गळत होती ती पण त्याच कोपऱ्यात!

*

पहिल्याच आठवड्यात मी एक दिवस मोरगावला गेलो आणि तात्या एकटे पडले. मॅडमनी त्यांना वीस पिशव्या दिल्या होत्या, वीस बोअरच्या.

आमच्या उसाच्या पट्ट्यात माती तपासायची रीत सगळ्यांना पाठ असते. रानात चार ठिकाणची माती घ्यायची, घमेल्यात कालवायची, वाटे करून अर्धा किलो ठेवायची. तात्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी वीस बोअरची माती मन लावून कालवली आणि एक पिशवी भरून नेहमीच्या शेतीच्या लॅबला देऊन पण आले.

मॅडमनी बाकीच्या पिशव्या कुठं आहेत विचारल्यावर तात्या म्हणाले, "एका रानाचा एकच नमुना असतो, मॅडम. तुमी शिकलेल्या, तुमाला म्हाईत पायजे."

मॅडम तिथंच रस्त्याच्या मोरीवर बसल्या.

*

त्या पिशवीचा रिपोर्ट आला. सेंद्रिय कर्ब भरपूर, ऊस घेण्यास योग्य. थिनर मुरल्यावर कर्ब भरपूर येणारच, पण हे साहेबांना कोण सांगणार? साहेब म्हणजे ज्या ऑफिसकडं जागा होती तिथले. त्यांनी तो कागद फाइलला लावून टाकला.

आम्ही वीस बोअर परत घेतले, वीस पिशव्या पुण्याला पाठवल्या. त्या रिपोर्टात बाकी जागा चालण्यासारखी निघाली. मागच्या कोपऱ्यापुढं मात्र लाल शाई. मॅडमनी तो साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, बराच वेळ बघितले.

"एक म्हणतो चांगली, एक म्हणतो वाईट," ते म्हणाले. "आपण मधलं धरू."

*

कोपऱ्यातली वरची माती उकरून आम्ही ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. सकाळी बघतो तर ढीग निम्मा. काळी, भुसभुशीत माती! कन्हेरीच्या एका आबांना वाटलं साखर कारखान्याची मळीच टाकून दिलीय. दोन ट्रॉल्या भरून नेल्या.

तात्या आणि मी त्यांच्या रानात गेलो, माती विषारी आहे म्हणून सांगितलं. आबा घाबरले. संध्याकाळपर्यंत सगळं परत पोचवतो म्हणाले, आणि पोचवलंही.

दोन ट्रॉल्या गेल्या होत्या, परत तीन आल्या. तिसरीत त्यांच्या बांधावरचे दगड होते.

*

मग मॅडमनी कुंपणाला मोठा बोर्ड लावला, धोका, आत येऊ नये. तिसऱ्या दिवशी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. वर हसरा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, आणि त्याच्याही खाली उघडी राहिलेली आमची एकच ओळ, 'आत येऊ नये.'

फ्लेक्स काढायला मॅडमनी चौघांना सांगितलं. चौघांनीही वाढदिवस होऊ द्या म्हणून सांगितलं. वाढदिवसाला अजून नऊ दिवस होते.

*

शेवटची मीटिंग झाली तेव्हा संगीताताईही आल्या होत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, की पोरं माती खातात. बसवली तिथली खातात. इमारत पुढं गेटकडं घ्या, नाहीतर आमचं शेड बरं.

साहेब म्हणाले, नकाशा मंजूर आहे. त्यात रेघ ओढायची तर वरून परत सगळं आणावं लागेल.

मॅडमनी मला उठवलं. कोपऱ्यात बोअर यानं मारलाय, याला विचारा म्हणाल्या. मी उठलो. सगळे बघत होते. मला एवढंच सांगायचं होतं की त्या मातीनं माझे डोळे चुरचुरले. "ती माती," एवढंच म्हणालो आणि तिथंच अडकलो.

"बस बाळ," साहेब म्हणाले. ताईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. घरी जाईपर्यंत मी ते वाक्य सायकलवर दहा वेळा नीट म्हणून बघितलं.

*

भूमिपूजनाचा मांडव मागच्या कोपऱ्यातच घातला होता. आदल्या दिवशी तात्यांनी आणि मी जागा झाडून ठेवली, बोअरचं झाकण घट्ट केलं. सकाळी मीच सगळ्यांच्या आधी पोचलो.

साहेब येऊन खुर्चीवर बसले आणि दोन मिनिटांत रुमाल नाकाला लावला. भटजी खोकायला लागले. फेटा बांधलेले एक पाहुणे उठून गाडीत जाऊन बसले.

"हा कसला वास?" साहेबांनी विचारलं.

"हितला हाय, साहेब," तात्या म्हणाले. "रोजचाच."

साहेबांनी मांडव उचलायला लावला. चौरंग, कलश, खुर्च्या, सगळं गेटजवळ गेलं. तिथं पूजा झाली, साहेबांनी कुदळ मारली, नारळ फोडला. टाळ्या झाल्या.

मग संगीताताई पुढं आल्या. "साहेब, आता इमारत हितंच ना?"

साहेब म्हणाले, हे आपलं पूजेपुरतं, इमारत नकाशाप्रमाणे मागंच होईल. तेव्हा ठेकेदारच मध्ये पडला. "कुदळ हितं मारली आन् पाया तितं खांदायचा? माझा एक गवंडी हात लावणार न्हाय, साहेब. मी बी न्हाय." मागून चार बायकाही तेच म्हणाल्या. भटजींनीही मान डोलावली.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, मागच्या कोपऱ्यातला चौकोन खोडला, गेटजवळ नवा काढला आणि खाली सही केली. चहा निवायच्या आत!

एवढ्यात मॅडम मागं चक्कर मारून आल्या. कोपऱ्यातल्या बोअरचं झाकण निघालेलं होतं, ते बसवून आले, एवढंच त्या हळूच तात्यांना म्हणाल्या.

संगीताताई प्रसाद वाटत माझ्यापर्यंत आल्या. मी हात पुढं केला. पेढा त्यांनी तसाच धरून ठेवला. माझ्या हाताकडं बघितलं, वास घ्यायला जरा वाकल्या, परत सरळ झाल्या.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "साबणानं. दोन येळा."