गंजमास्तरांची छत्री

आमचे भावोजी कुणाकडेही गेले की माणसांआधी दाराच्या बिजागऱ्यांना भेटत. "वा, काय सुरेख गंज आहे!" असं म्हणून तो नखानं कागदावर खरवडून घेत आणि खिशातलं लोहचुंबक त्याच्यावरून फिरवत. घरधन्याला वाटे, हा माणूस आपली अब्रू काढतोय. पण त्यांचं कौतुक अगदी खरं असे. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात खिळा म्हणून टिकत नाही, तेव्हा कौतुकाला तोटा नव्हता. शाळेत ते शास्त्र शिकवत आणि सारा गाव त्यांना गंजमास्तर म्हणे.

"बघ," ते मला सांगत, "लोखंडाचा कीस असता तर चुंबकाला धावत चिकटला असता. हा ढिम्म हलत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचं लग्न लागलं की पदार्थ होतो तो तिसराच. त्याला म्हणायचं संयुग. आणि तुझ्या आईचा चिवडा? ते मिश्रण. त्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, वेचून काढता येतो." मी लगेच वाटीतले सगळे शेंगदाणे वेचून खाऊन दाखवले. "हुशार आहे हो!" भावोजी म्हणाले. "हुशार कसली, हावरट आहे शिंची," आई म्हणाली.

समुद्राचं पाणी मात्र संयुगच, असं मी छातीठोक सांगितलं होतं. त्यातलं मीठ कुठे वेचता येतं? भावोजींनी वाद घातला नाही. परातीत पाणी घालून परात उन्हात ठेवायला लावली. पाणी आटलं आणि तळाशी मीठ उरलं. माझी फजिती झाली ती झालीच, वर ते मीठ त्यांनी कैरीला लावून मिटक्या मारत खाल्लं.

आता असा माणूस आमच्या सोवळ्या घरात जावई होऊन आला कसा, ते सांगायला हवं. आमच्या ताईला प्रश्न विचारायची भारी खोड. बघायला आलेल्या एका वकिलाला तिनं सरळ विचारलं होतं, "तुमची वकिली चालत नाही म्हणतात, ते खरं का?" वकील चहासुद्धा न पिता उठले. पुढचं स्थळही असंच परतलं. म्हणून गंजमास्तर यायच्या दिवशी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला दम भरला, "आज तोंडातून अक्षर काढशील तर याद राख. हे स्थळ गेलं तर जन्मभर बसशील माझ्या घरात!" ताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

श्रावण होता. मास्तर छत्री घेऊन आले आणि त्यांच्यामागून सगळ्या आळीतली मांजरं आली. छत्री ओटीवर टेकवली मात्र, वास थेट देवघरापर्यंत पोचला. आईनं नाकाला पदर लावला.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "आपण म्हावरं खाता की काय?"

"छे छे! मी नाही, छत्री खाते," मास्तर म्हणाले. खारवी लोक मचव्याच्या फळ्यांना मुशीचं, म्हणजे माशाचं, तेल लावतात, ते पाहून त्यांनी छत्रीच्या काड्यांना चोपडलं होतं, गंज धरू नये म्हणून! हे सगळं ते मोठ्या अभिमानानं सांगत होते आणि पलीकडे एक बोका छत्री चाटत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर नकार स्वच्छ दिसत होता.

ताई मान खाली घालून बसली होती, पण तिचे ओठ शिवशिवत होते. अखेर राहवलं नाहीच.

"खोबरेल का नाही लावलं?"

आईनं डोळे मिटून घेतले. मास्तर मात्र गर्रकन वळले. "लावलं होतं! पावसानं धुऊन गेलं. हे चिकटून बसतं."

"मग तेलानं अडतं काय? पाणी की हवा?"

"दोन्ही! आणि गंजायला दोन्ही लागतात!" मास्तर पाटावरून उठलेच. अण्णा खाकरले, पण ऐकतंय कोण?

"मला मुलगी पसंत आहे," मास्तर म्हणाले. "तिला मी पसंत आहे का, तेवढं विचारा."

असलं काही अण्णांनी बापजन्मी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारायच्या आत ताई म्हणाली, "छत्री गोठ्यात ठेवणार असतील तर."

लग्नानंतर भावोजी उद्याचा प्रत्येक धडा आदल्या दिवशी ताईला शिकवत. ती अडवी, उलटसुलट विचारी, कधी चूकही काढी. "तुझ्या ताईपुढे पास झालो की वर्गात भय नाही," ते मला म्हणत आणि मनापासून हसत. इतका सुखी संसार मी दुसरा पाहिला नाही.

असा हसरा माणूस विषमज्वरानं गेला. अण्णांनी ताईला माहेरी आणलं. ती बोलेनाशीच झाली. नव्या विधवेनं आतल्या खोलीत कोपरा धरून बसावं, परक्याच्या नजरेला पडू नये, अशी तेव्हाची रीत. एके दिवशी भावोजींच्या वर्गातली मुलं समाचाराला आली आणि ओटीवर माना खाली घालून बसली. परीक्षा तोंडावर आली होती. एकाला हुंदका फुटला.

आतून ताई उठून आली ती थेट ओटीवर. "अगो, आत जा आधी!" अण्णांशेजारी बसलेले आमचे काका ओरडले. तिनं ऐकलं नाही.

"धडा कुठवर आला होता?" तिनं मुलांना विचारलं.

अण्णा उठले. मला वाटलं, आता हाताला धरून आत नेतात. त्यांनी आपला पाट तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बस. उभ्यानं किती शिकवशील?"