चाळीस पावलांची मळी

कृष्णेचा उगम महाबळेश्वरला होतो हे भूगोलाच्या पुस्तकात खरे असेल. पण तिचा काठ नेमका कोठे सुरू होतो हे माझ्या मामेसासऱ्यांनी सांगितल्याखेरीज खुद्द कृष्णेलाही कळत नसे. निदान त्यांची तशी खात्री होती, आणि तिला विरोध करण्यात सगळी सुट्टी फुकट जाते हे मी सत्तर सालच्या पुढेमागे, लग्न झाल्याबरोबर शिकलो.

माझी सासुरवाडी कऱ्हाडच्या खाली, नदीला लागून. पाण्यापासून गावातल्या पहिल्या घरापर्यंत फार तर शंभर पावले; पण तेवढ्या जागेत या गृहस्थांनी इतकी नावे दाटीवाटीने बसवली होती की चालणाऱ्याला पाय ठेवायची चोरी. पाणी भरायचे तो पाणवठा, गुरे पलीकडे जातात तो उतार, वाळू ती पुळण, पुराचा गाळ बसून पिकते ती मळी, मळीच्या डोक्यावर उभी तुटलेली माती ती दरड, आणि दरडीच्या माथ्यावर, म्हणजे तुम्हीआम्ही नदी संपली असे समजतो तेथे कुठे काठ सुरू. तीर आणि तट हे शब्द त्यांच्या मते देवळातच ठेवायचे. साखरपुडा झाल्यावर मी भावी पत्नीला कार्ड टाकले होते; त्यात ‘नदीकिनारी भेटलो ती संध्याकाळ’ असे काहीतरी होते. कार्ड घरातल्या सगळ्यांनी वाचले, ते रीतीला धरूनच झाले. मामेसासऱ्यांनी मात्र ते तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून मला परत पाठवले. ‘किनारा समुद्राला असतो. आपण मळीत उभे होता. मी दरडीवरून पाहिले.’

एकदा शेजारच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. चौघे त्याला बाजल्यावर घालून डॉक्टरकडे नेत होते. काठावरून पडला असे कोणीतरी म्हणाले आणि मामेसासऱ्यांनी बाजले थांबवले.

“काठावरनं का दरडीवरनं?”

“तात्या, पाय मोडलाय माझा,” बाजल्यावरून आवाज आला.

“त्यो दिसतोय मला. पडलास कुठनं त्ये सांग.”

दरडीवरून, असा कबुलीजबाब मिळाल्यावरच बाजले पुढे गेले.

हे सगळे गावाने का चालवून घेतले, तर त्यांच्या पावलासाठी. मामेसासरे पलटणीतून हवालदार होऊन परतले होते. दर पावसाळ्यात पूर मळीवरून जाई आणि सहा वाटेकऱ्यांचे बांध गाळाखाली गडप होत. मग दसऱ्याच्या सुमाराला मामेसासरे पाण्यालगतच्या खडकाच्या ओळीवर उभे राहत आणि प्रत्येकाच्या वाट्यातून दरडीच्या दिशेने चाळीस पावले टाकत. चाळिसाव्या पावलाला खुंटी. तेवढी मळी वाटेकऱ्याची, त्यापलीकडचे गावाचे. पण पलीकडे काही उरतच नसे, कारण चाळिसावे पाऊल दरडीच्या पायथ्याला टेके. टेप आणू, असे मी पहिल्याच वर्षी सुचवले.

“टेप ताणंल तशी वाढती, पावनं. माझं पाऊल सरकारी हाय. तीस इंच.”

तेव्हापासून खुंट्यांचे पोते आणि त्या ठोकायची मोगरी माझ्याकडे आली. इतर जावयांना दसऱ्याला श्रीखंड मिळते.

तिसऱ्या वर्षी खुंटी आणि दरड यांच्यामध्ये एक शेळी उभी राहिली. पाचव्या वर्षी तेथून डोक्यावर पाटी घेतलेली बाई गेली. सातव्या वर्षी घंटी वाजवत सायकल गेली. नदी जागची हलली नव्हती, दरडही नाही. गुडघे तेवढे म्हातारे झाले होते. पण खुंटीपलीकडे वांग्याचे एक रोप लावणे म्हणजे हवालदाराचे पाऊल तीस इंची नाही असे म्हणणे. ते कोणी म्हणेना. पहिला वाटा तानूबाईचा. घरात दुसरे मिळवते माणूस नाही, वर्षभराचे पोट त्या वांग्यांवर. मीच न राहवून तिला म्हणालो, “दोन सऱ्या गेल्या तुमच्या. सांगा की त्यांना.”

“दिसतंय की. डोळं हायती मला.”

“मग?”

“माझा मालक गेला तवा दिरांनी खुट्या उपटल्या व्हत्या. तात्या आलं, चाळीस पावलं चाललं, आन् एकानं हूं केलं न्हाई. आता दोन सऱ्यांसाठनं त्येंचं पाऊल मोजू व्हय? मारा खुटी, पावनं. गप मारा.”

मी गप खुंटी मारली.

त्याच वर्षी सरपंच मुंबईला जाऊन समुद्राचा कठडा पाहून आले आणि आपल्याही गावाला असे काही हवे, या विचाराने पेटले. ती रिकामी पट्टी त्यांच्या डोळ्यांत भरली. सगळ्यांना तेथे गोळा करून त्यांनी विचारले, “तात्या, ही पट्टी कशातली? मळीतली म्हणशीला तर वाटेकऱ्यांची. न्हाईतर पंचायतीची.”

मामेसासऱ्यांनी खुंटीकडे पाहिले, दरडीकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांना शब्द सापडत नाही असा क्षण मी सात वर्षे वाट पाहून गाठला होता. वाटले होते तेवढी मजा आली नाही.

“आवं सरपंच,” तानूबाई म्हणाली, “वाट सोडलिया आमी. तात्यांनीच सांगितलं व्हतं.”

“व्हय व्हय, सोडलिया,” बाकीचे पाच वाटेकरी एकदम म्हणाले.

मामेसासरे खाकरले. “वाट न्हवं, तानू,” ते बारीक आवाजात म्हणाले. “वाट कुठंतरी जाती. ही कुठं जातीया?”

वाट नव्हे म्हटल्यावर पट्टी पंचायतीची झाली आणि तिच्यावर मुरूम पडला. पुढच्या दसऱ्याला मामेसासरे पावले टाकत नव्हते, जवळजवळ उड्या मारत होते. तरी तानूबाईच्या वाट्यातले चाळिसावे पाऊल मुरमाच्या पुष्कळ अलीकडे पडले. ते माझ्या पोत्यावर बसले आणि बराच वेळ दम घेत राहिले.

“पावनं, मळी रुंद झालीया.”

“गाळ लय बसला यंदा, मामा,” मी म्हणालो. त्यांच्या बाजूने बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्यानंतर दोन दसरे झाले आणि ते गेले. वाटेकरी अजून त्यांच्या शेवटच्या खुंट्या होत्या त्यापुढे पेरत नाहीत. मुरूम दर पुरात वाहून जातो आणि पंचायत तो पुन्हा टाकते. तेथे ‘कृष्णातीर विहारपथ’ अशी पाटी आहे, ती कोणी वाचत नाही. पाटीखाली एक भेळेची गाडी लागते, म्हणून सगळे गाव त्या जागेला चौपाटी म्हणते. तानूबाई बाजारात वांगी विकते, तीही चौपाटीची म्हणून.