रविवारची बदली

अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष उलटलं आणि वडील मला साहेब म्हणू लागले. सगळं आयुष्य कोल्हापुरातल्या एका सूतगिरणीत काढलेला, युनियनची पत्रकं स्वतः लिहून गेटवर वाटलेला माणूस. त्यांच्या तोंडी हा शब्द मानाचा कधीच नव्हता. मी टेबलाशी चष्मा लावून लिहीत बसे, म्हणून असेल.

शाळेच्या पुस्तकाआधी मी त्यांची पत्रकं वाचायला शिकले. चौघडी घालायची, कडेला कड जुळवायची, शंभराचा गठ्ठा बांधायचा. "वाकडी घडी घातलीस तर वाचणारा म्हणंल, ह्यांचं म्हणणंच वाकडं," असं ते म्हणायचे. त्या माणसाने मला एकदा नावाने हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. मी रोज घरी येऊन विचारायची, "ओळखलं का?" ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "साहेब, आज तुम्हास्नी भेटायचं न्हाई."

आई गेलेली. मी दिवसभर नोकरीला. म्हणून वडिलांना सांभाळायला हातकणंगल्याहून एक पगारी मावशी सकाळच्या पॅसेंजरने यायच्या आणि मी परतेपर्यंत थांबायच्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज चमच्याचमच्याने भरवायची. "हनुवटी खाली घ्या दादा. वर बघून गिळलं की ठसका लागतोय." डावी बाजू पूर्ण गेली होती. तो हात वडील उजव्या हाताने उचलून, कुणाची विसरलेली वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवायचे.

रविवारीही मावशी यायच्या, कारण रविवारी माझ्या संघटनेच्या सभा असत. घरकामगार बायकांना आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे, या मागणीचं पत्रक मी तेव्हा लिहीत होते. खोटं कशाला सांगू, तोवर मला यात काही खटकलं नव्हतं.

अशाच एका रविवारी मी मसुदा तपासत होते. पलीकडे मावशी वडिलांचे पाय पुसत होत्या.

"तुझी सुट्टी कवाची गं?" वडिलांनी विचारलं. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"सुट्टी? तुमच्या आजाराला हाय काय सुट्टी? मग मला कुठली?"

"मागितलीस काय?"

"कुणाकडं मागू?"

वडिलांनी चांगला हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "त्यो काय साहेब बसलाय. लिवतोय बघ."

मावशी खळखळून हसल्या. "गप बसा दादा, लेक हाय ती तुमची."

"लेक न्हवं. साहेबच हाय त्यो."

मला आधी रागच आला. मग हातातल्या कागदावरचं पहिलं वाक्य मी पुन्हा वाचलं आणि कागद उलटा ठेवला. मावशींना म्हटलं, "पुढच्या रविवारपासून येऊ नका. मी बघते."

"जमंल तुम्हास्नी? त्यापरीस मी येतो की."

"नको. जमवते."

कुठलं जमतंय! पहिल्याच रविवारी अंघोळ घालून मी शर्ट चढवायला घेतला. चांगला हात आधी घातला, मग डावा वळेना. ओढला तसे ते कळवळले.

"बदलीवर आलीस व्हय?" ते म्हणाले. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी गिरणी गेटवरून उचलते, तो बदली. "आधी आजारी हात घालायचा, मग चांगला. काढताना चांगला आधी. शिकीवलं न्हाई कुणी?"

"नाही, दादा."

"मग शीक."

मी साहेबाची आता बदली कामगार झाले होते. मला ते आवडलं. दर रविवारी ते नव्याने विचारायचे, किती दिवस बदलीवर हायस? मी म्हणायची, लई दिवस झाले. "मी सांगतो. तुला कायम करून घ्याय लावतो," ते म्हणायचे, आणि त्या वेळी त्यांचा आवाज गेटवरचा असायचा. एकदा पेज भरवताना मी धीर करून विचारलं, "दादा, तुमची लेक कुठं असते?"

हनुवटी खाली घेऊन त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, "घडी चांगली घालती."

ते बुधवारी गेले. मी कामावर होते. धावत आले तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून.

"सकाळी शर्ट घालताना इचारत हुते," त्या म्हणाल्या. "बदली कुठं हाय म्हणून. मी म्हटलं, रविवारी येती की ती. तर आपणच चांगल्या हातानं आजारी हात उचलला आन् बाहीत घातला."

आणखी काही बोलले का, लेकीबद्दल, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. आत गेले. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली होती.