आड निवळला तेव्हा

पहिल्या दिवशी वाटलं, बादलीच घाण असेल. राखेनं खसाखसा घासली, परत आडात सोडली. परत तेच. पीठ कालवल्यासारखं पांढुरकं पाणी, बोटाला बुळबुळीत. आमच्या परसातला आड उन्हाळ्यात तळाला जातो, पण पाणी कधी नासलं नव्हतं. नासायचं ते आत्ताच नासावं? मला असा संताप आला की बादली काठावर आपटली.

संतापायला कारण होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नात पाळण्यात. सव्वा महिना माझ्याकडं राहायचं, मग लेकीनं बाळाला घेऊन आड पुजायचा, मी तिची ओटी भरायची आणि मगच तिनं सासरी जायचं, असं ठरलेलं. जावई परळीला नोकरीला. लेकीनं पाण्याचं फोनवर सांगितलं, तसं ते म्हणाले, आमच्याकडं फिल्टरचं पाणी आहे, न्यायला येऊ का? मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, तुमच्या दारात त्या थर्मलची राख उडते ती चालते, आणि माझ्या आडाला नावं ठेवता व्हय? ते हसले. मला हसू आलं नाही. पाणी सुधारलं नाही तर हा माणूस दोघींना घेऊन जाणार, एवढं मला कळलं.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. नेकनूरच्या बाजारातून तुरटी आणून फिरवली. वर कबुतरं बसतात म्हणून जाळी टाकली. आत काही मेलंय का बघायला माणूस उतरवला. त्यानं गाळ काढला, त्यात एक चप्पल आणि सासूबाईंचा हरवलेला तांब्या निघाला, मेलेलं काही नाही. दोन दिवस पाणी बरं आलं. मी देवापुढं साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पांढुरकं. मग ग्रामपंचायतीतून पावडर आणून टाकली, तर पाण्याला नुसता पावडरीचा वास. आमचे हे खाटेवर बसून म्हणायचे, उन्हाळा हाय, तळ लागलाय, पाऊस पडला की होईल नीट. पाऊस पडेपर्यंत पोरगी थांबणार होती का? ह्यांच्या शांतपणाचा मला लई राग यायचा.

प्यायला जार आणत होतो. बाकी सगळं आडावरच. पाणी फडक्यानं गाळायचं, खळखळ उकळायचं, मग वापरायचं. पण एवढ्या धावपळीतही न्हाऊ घालणं मी एक दिवस चुकू दिलं नाही. आतल्या मोरीत हात-पाय पसरता येत नाहीत, म्हणून आडाला लागूनच फरशी टाकून, भोवती साड्यांचा आडोसा करून मी न्हाणी केली होती. पाणी हाताशी, चूल हाताशी. लेकीला तेल जिरवायचं, डाळीच्या पिठानं अंग चोळायचं, कढत पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतायच्या. मग पाय लांब करून नातीला नडगीवर पालथी घ्यायची. तेल, हळद, दूध, पीठ. आधी रडून घर डोक्यावर घ्यायची, मग पाठीवर पाणी पडलं की गप्प. तेवढा वेळ मीही गप्प असायची. पाणी फरशीवरून ओघळून नालीनं अळूला जायचं. मग ओव्याची धुरी. सगळ्या घराला तोच वास, माझ्या लुगड्यालाही.

संशय जावेवर होता. भिंतीला भिंत लागून घर, आणि त्यांच्या संडासाचा खड्डा आमच्या आडाच्या अंगाला. आमचं बोलणं आधीच तुटक. मी पदर खोचून गेले आणि म्हटलं, तुमचा खड्डा फुटलाय आक्का, माझ्या नातीला घाण पाजताय तुम्ही. तिनं बरंच ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी कपड्याची नीळ आणली आणि तिच्यादेखत तिच्या खड्ड्यात ओतली. म्हटलं, आता कळेल. सारखी आडावर जाऊन बादली शेंदायची, उजेडात धरायची. निळं काही येईना. जाऊ भिंतीवरून बघत होती.

"झाली का नीळ पाजून?" ती म्हणाली. "आता तुझ्या घरात बघ."

अंगाचा तिळपापड झाला. उरलेली नीळ मी फळीवर फेकली.

रविवारी जावई आले. त्यांनी बादलीत हात घातला, बोटं चोळून पाहिली. मग नातीचं झबलं वर केलं. पाठभर बारीक पुरळ. डॉक्टरकडं नेलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बदला. मी म्हटलं, अजून चार दिवस द्या, मी शोधते. जावयांनी मान खाली घालून बॅग भरली. लेक रडली, पण गाडीत बसली. मीही तिच्या जागी असते तर बसले असते, हे कळत होतं, म्हणून जास्तच जळत होतं.

आणि मग आड निवळला. आपोआप. आठ दिवसांत तळातला दगड दिसायला लागला. हे खूश, म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? मला मात्र बसवेना. ना पाऊस, ना गाळ काढला, ना जावेनं खड्डा बुजवला. बदललं होतं एकच. साड्यांचा आडोसा तसाच होता, फरशी कोरडी ठाक. घरातला धुरीचा वासही गेला होता.

फळीवरची नीळ घेतली, बादलीत कालवली आणि त्या फरशीवर ओतली. थोडी नालीत गेली, बाकीची फरशीच्या कडेला, आडाच्या सांध्यात, गपकन मुरली. दुपारी बादली वर आली ती निळसर. मी तिथंच बसले. जिला ठेवून घ्यायला गाव पालथं घातलं, तिच्याच न्हाण्याचं पाणी होतं ते.

रडत रडतच फोन लावला. लेकीनं विचारलं, सापडलं का गं आई?

"सापडलं. तुझी पोरगी लई न्हात होती."

ती आधी हसली, मग तीही रडली. म्हणाली, पूजेला येते, पण दिवसभरच.

ह्यांनी सांधा भरायला सिमेंट आणलं. मी म्हटलं, पूजा होऊ द्या.

सव्वा महिन्याला सगळे आले. नातीची पाठ स्वच्छ, गाल भरलेले. लेकीनं आड पुजला. मी ओटी भरली. जाऊही आली, नातीच्या हातावर पैसे ठेवून गेली, माझ्याशी बोलली नाही. जेवणं झाली. जावई घड्याळ बघायला लागले, तेव्हा लेक म्हणाली, आई, हिला एकदा न्हाऊ घाल की तुझ्या हातानं. हे लगेच म्हणाले, आत मोरीत घाला, मोठ्या मुश्किलीनं निवळलंय.

मी चूल पेटवली, फरशीवर बसले आणि पाय लांब केले.

"होऊ द्या गढूळ," मी म्हटलं.

नात रडली, मग पाठीवर पाणी पडलं तशी गप्प झाली. संध्याकाळच्या आत ते गेले.

सकाळी पाणी शेंदलं. बादलीत वर तेलाचा बारीक तवंग होता. ह्यांनी विचारलं, आता भरू का सांधा?

म्हटलं, आज नको.