विहीर कुणाच्या नावाची

"सालेमच लिहा. खलास," हमदचाचा म्हणाले आणि त्यांनी आमच्या कपांत पुन्हा कॉफी ओतली.

मदिनत खलीफा वस्तीतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी आणि माझे बॉस अँगससाहेब बसलो होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कतारला, दोह्यातल्या एका सर्व्हे कंपनीत मी ड्राफ्ट्सवुमन होते, म्हणजे नकाशे हाताने, शाईने काढायचे. तेव्हा जुन्या नकाशांवरची नावं तपासून नव्या नकाशात घेणं चालू होतं. उत्तर किनाऱ्यावर चाचांचं गाव होतं, आता ओस. तिथल्या विहिरीला जुन्या इंग्रजी नकाशात 'बीर सालेम' म्हटलं होतं. बीर म्हणजे विहीर.

अँगससाहेब स्कॉटलंडच्या एका बेटावरचे. घरची भाषा गेलिक. तिकडच्या ऐतिहासिक नकाशांसाठी गेलिक नावं गोळा करणं ही त्यांची पहिली नोकरी. इंग्रज सर्व्हेअरांनी ती कानावर पडतील तशी लिहिली होती. 'आरी' म्हणजे उन्हाळ्यात गुरं चारायला नेतात तिथली झोपडी. नकाशावर नुसता उच्चार राहिला, अर्थातली झोपडी गेली. म्हणून त्यांचा नियम: आधी अर्थ विचारा, मग स्पेलिंग.

"चाचा, सालेम कोण?" मी हिंदीत विचारलं. तरुणपणी मोती विकायला ते मुंबईला जात, हिंदी उत्तम.

"असेल कुणीतरी."

अँगससाहेबांना ते पटेना. तेवढ्यात चाचांच्या बहिणीने, मोझाबाईंनी, मला आत बोलावलं. टीममध्ये बाई मी एकटीच, त्यामुळे आतल्या खोलीत मलाच जाता येई. शेजारणींकडून शिकलेल्या अरबीवर माझं भागायचं.

कशासाठी आलात, असं त्यांनी विचारलं. मी विहिरीचं सांगितलं.

"सालेम नाही," त्या म्हणाल्या. "सालमा. माझी आई."

उन्हाळ्यात पुरुष मोती काढायला समुद्रावर गेलेले. गावात बायका आणि पोरं. विहीर वाळूने भरली, पाणी संपलं. सालमा दोराने खाली उतरली आणि वाळू उपसू लागली. वरून कडा ढासळली. बायकांनी हातांनी उकरलं, पण उशीर झाला होता. पाणी मात्र लागलं. पुढे परका सर्व्हेअर आला, तेव्हा घरच्या बाईचं नाव कसं सांगायचं म्हणून पुरुषांनी सालेम सांगितलं.

मी बाहेर येऊन चाचांना हळूच विचारलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बेटी, माझ्या आईचं नाव उद्या कुणीही ट्रकवाल्याने वाचावं?"

मी अँगससाहेबांना सगळं इंग्रजीत सांगितलं.

"आमच्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "यांना आपण विचारलं, आणि ते नाही म्हणतात. पण सालेमवर मी सही करणार नाही, मिसेस परकार. जागा ब्लँक जाईल."

ब्लँक म्हणजे विहीरच जाणार. ओस जागेला नाव नसेल तर ती नव्या नकाशात घ्यायची नाही, असं ठरलं होतं. मी ते चाचांना सांगितलं.

काही दिवसांनी त्यांचा ऑफिसात फोन आला.

"उम्म हमद लिहा."

उम्म हमद म्हणजे हमदची आई. तिकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावाने ओळखतात, त्यात संकोच नसतो. आईचं नाव झाकायला चाचांनी स्वतःचं दिलं होतं. अँगससाहेबांनी सही केली. ती अक्षरं मीच शाईने काढली. (इथली सगळी नावं मी बदलली आहेत. आईचं नाव कुणीही वाचू नये, हा चाचांचा शब्द मलाही मोडता येत नाही.)

नकाशा छापून आल्यावर एक प्रत घेऊन मी मोझाबाईंकडे गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचं बोट त्या जागेवर ठेवून मी वाचलं, "बीर उम्म हमद."

त्यांनी बोट उचललं नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "हमदची आई." मग थोड्या वेळाने, "माझीपण होती."

नाव खोटं नसलं म्हणजे ते पुरं असतंच असं नाही. नकाशावर तेवढी जागाही नसते. पुढे कुठेही नावं विचारायला गेले, की मी बैठकीत बसण्याआधी आतल्या बायकांना भेटून येई.