नकट्यांची फौज

मी भिक्षुकी करतो. मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, तेरावं, जे येईल ते. वय शेहेचाळीस. आणि माझ्याकडे नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांच्या दोन फौजा आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, सगळे माझ्या हातचे. यातलं पहिलं ऐकून लोक हात जोडतात, दुसरं ऐकून हसतात. हसू द्या.

हे खूळ मी पुण्याहून आणलं. आमच्याकडच्या एका यजमानांच्या मुलानं तिथे फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांतीला गावचाच भटजी हवा, असा त्याच्या आईचा हट्ट होता. होम आटोपला, जेवणं झाली, आणि आतल्या खोलीत मला काचेचं कपाट दिसलं. त्यात धातूचे इवले इवले शिपाई रांगेनं उभे होते. निळे कोट, पांढऱ्या पाटलोणी, खांद्याला बंदुका, एकेकाच्या मिशीचा केससुद्धा रंगवलेला. मुलानं समजावून सांगितलं: मोठ्या टेबलावर दोघांनी दोन फौजा मांडायच्या, पट्टीनं मोजून पुढे सरकवायच्या, आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. शाळेत इतिहास मी तोंडपाठ केला होता. तो असा हाताळता येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "हे कुठे मिळतात?"

तो हसला. वाईट हसला असंही नाही. म्हणाला, "परदेशातून मागवावे लागतात. राहू द्या गुरुजी, हा खेळ तुमच्यासारख्यांचा नाही."

तुमच्यासारख्यांचा म्हणजे कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही. धोतरवाल्यांचा? 'मले दाखव बरं' म्हणणाऱ्यांचा? की ज्यांच्या एका पूजेच्या दक्षिणेत जेमतेम एक घोडेस्वार येईल, त्यांचा? परतीच्या एसटीत मी रात्रभर तेवढ्या एका शब्दाशी भांडत होतो. मलकापूरला उतरलो तेव्हा ठरलं होतं. हा खेळ माझ्यासारख्यांचाच करायचा.

नियम मोबाइलवर फुकट सापडले. इंग्रजी माझं बारावीपर्यंतचं. शब्दकोश उघडा ठेवून महिनाभरात ते वहीत मराठीत उतरवले. सैनिक मात्र फुकट नव्हते. आधी शाडूचे करून पाहिले, ते मोदकासारखे झाले. मग खडू कोरले, ते मानेत तुटायचे. शेवटी तारेच्या सांगाड्यावर, नळाची गळती बुजवायला वापरतात तो एमसील थापून एकच शिपाई नीट घडवला. सहा दिवस लागले. काचा बसवणाऱ्याकडचं उरलेलं सिलिकॉन घेऊन त्याचा साचा केला आणि त्यात प्लास्टर ओतलं. पहिला शिपाई साच्यातून निघाला तेव्हा पाहिलं, नाक दबलेलं. साचा करताना मूळ शिपायाचंच, पुरतं न वाळलेलं नाक चेपलं होतं. पुन्हा सहा दिवस घालवायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे माझी अख्खी फौज नकटी आहे.

बाकीचं घरातच होतं. फ्रेंचांच्या निळ्या कोटाला कपड्यांची नीळ डिंकात कालवली. संगिनींना खराट्याच्या काड्या. पायाखालच्या चकत्यांना लग्नपत्रिका, कारण भटजीच्या घरात जाड पत्रिकांना तोटा नसतो. घोडे बाजारातल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पिशव्यांतले. एका पिशवीत दोन घोडे आणि उरलेले हत्ती-वाघ. रणांगणाला हिरवे ब्लाउजपीस. वर्षानुवर्षं दानात आलेले ते बायकोच्या ट्रंकेत पडून होते. तिनंच ते जोडून शिवून दिले. "यातला एकही मले शोभत नव्हता," म्हणाली.

लढायला दुसरा लागतो. माझा शाळेपासूनचा दोस्त गावाबाहेर दीड एकरात वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवतो. त्याला सगळं दाखवलं, समोरची फौज इंग्रजांची असेल हेही सांगितलं. तो उकिडवा बसून बराच वेळ एकेक शिपाई उचलून पाहत राहिला.

"खेळतो," म्हणाला, "पण मी इंग्रज होणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"काऊन बे?"

"काऊन म्हणजे? दीडशे वर्सं कमी झाली का? दुसरं कोनी असन ना त्याच्याशी लढलेलं."

होतं. ऑस्ट्रियाचे शिपाई पांढरे कोट घालायचे. प्लास्टर मुळातच पांढरं! टोप्या आणि बूट काळे केले की झाली फौज. दोस्ताच्या स्वाभिमानानं माझा निम्मा रंग वाचवला.

दीड वर्ष आम्ही मागच्या खोलीत, दार लावून खेळलो. दार का लावायचं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

मग एका व्यापाऱ्याकडच्या पूजेत तीर्थ देताना यजमानांनी माझा हात धरला. "गुरुजी, नखं निळी कशानं झाली?" मी म्हणालो, "शाई." पण त्यांना ठाऊक होतं, गावात कोणाला काय ठाऊक नसतं. मागून त्यांचा भाऊ बोलला, "शाई कायची? भटजी बाहुल्या खेळून राह्यले म्हणे!" सगळे हसले. मी पळीनं तीर्थ देत राहिलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिला हसण्याचा राग आला नाही, शाईचा आला.

"खोटं काऊन बोलले तुम्ही? दारू पेता? जुगार खेळता?"

"नाही."

"मंग?"

त्या दिवशी जी शरम वाटली ती खेळाची नव्हती.

दोनच दिवसांनी काका आले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्याकडच्या भिक्षुकांत ज्येष्ठ. मंत्र मला त्यांनीच शिकवले. कुणाकडे कुणी बसायचं, हे आजही त्यांच्या शब्दावर चालतं. त्यांनी चहा घेतला नाही. आधी शुद्ध बोलले: "जे काही असेल ते गोणीत भर आणि नळगंगेत सोडून ये. विषय संपला."

"नाही, काका."

"लोक आपल्या पाया पडतात. बाहुल्या खेळणाऱ्याच्या पाया कोण पडेल?"

"पडू नये. मंत्र म्हणताना मी कधी चुकलो असेन तर सांगा."

तो प्रश्न त्यांना अडचणीचा होता. मी चुकत नाही, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. ते उठले, आणि रागात त्यांची शुद्ध भाषा सुटली. "तुले लाज नाही वाटत का रे? येत्या नवचंडीले तुझं नाव नाही, समजलं? नववा मी दुसरीकडून आणतो."

नवचंडीला देवीच्या पाठाला नऊ ब्राह्मण बसतात. गेली बावीस वर्षं त्यातला एक मी होतो. ते गेल्यावर मी ओसरीत बसून राहिलो.

नवचंडी ज्या दिवशी होती, त्याच दिवशी मोताळ्याचा बाजार होता. मी सकाळी संध्या केली, बसायला दोन पाट काढले, आणि मागच्या खोलीतला, ज्यावर खेळायचो तो पलंगाचा फळा दोस्ताच्या मदतीनं पुढच्या ओट्यावर आणला. आमचा ओटा बाजाराच्या रस्त्यालाच आहे. वर हिरवं कापड अंथरलं.

दोस्तानं एकदा विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

"मंग माही कोथिंबीर आज वहिनी इकतीन," म्हणाला, आणि आपल्या पांढऱ्या पलटणी मांडायला लागला. माझी बायको खरंच त्याच्या टोपलीपाशी जाऊन बसली.

पहिल्या तासात तीस-चाळीस माणसं जमली. कोणी शिट्टी मारली, कोणी "भटजी, पोरंबाळं नाहीत का खेळायले?" म्हणालं. मी पट्टीनं अंतर मोजत होतो. थोड्या वेळानं शिट्ट्या थांबल्या आणि प्रश्न सुरू झाले. मेथी विकणारी एक म्हातारी ओट्याला टेकली. "कोन जिंकून राह्यलं, बाप्पा?" मी म्हणालो, "अजून कोणी नाही." तिनं पांढऱ्यांची बाजू घेतली, कारण निळ्यांचे घोडे तिला मरतुकडे वाटले.

शाळेतले एक गुरुजी गर्दीत होते. भला माणूस. ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "सांगून टाका ना, मुलांना इतिहास शिकवायला केलंय म्हणून. सगळे गप्प होतील."

दार माझ्यासाठी उघडं केलं होतं त्यांनी. त्यातून बाहेर पडलो असतो तर नवचंडीसुद्धा कदाचित परत मिळाली असती. पण शाई एकदा सांगून झाली होती.

"नाही सर," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. "कोणाला शिकवायला नाही. मले आवडते म्हणून केलं. मले खेळाले आवडते."

मग दोस्त म्हणाला, "खेळता येत नाही ते सांग ना," आणि त्यानं फासे टाकले. दोन्ही सहा. माझी मधली पलटण तिथेच फुटली. लोक इतक्या जोरात ओरडले की समोरच्या हॉटेलातला माणूस भजी सोडून बाहेर आला. दुपार कलायच्या आत माझी फौज साफ हरली. म्हातारीनं जिंकल्याबद्दल दोस्ताला मेथीची जुडी दिली. मेथीवाल्याला मेथी!

काका आणि बाकीचे आठ जण बाहेरगावची नवचंडी आटोपून संध्याकाळच्या आधी बसस्टँडवरून आमच्याच रस्त्यानं आले. आम्ही दुसरा डाव मांडला होता. आठातल्या दोघांची पावलं मंदावली. काका समोर बघत निघून गेले. मी उठून उभा राहिलो, कारण ते काका आहेत. फळा मात्र उचलला नाही.

पुढच्या वर्षीच्या नवचंडीलाही माझं नाव नव्हतं. तो व्यापारी आता दुसऱ्याला बोलावतो. घरातल्या लग्नकार्यात काका आणि मी एकमेकांशी कापसाच्या भावाबद्दल बोलतो, आणि बाकी काही नाही. त्याचं दुःख आहे, आणि ते मी नाकारत नाही. बरीचशी घरं मात्र सुटली नाहीत. मंत्र तेच, आवाज तोच. नखं निळी असली तर असली.

गेल्या आठवड्यात एका नव्या यजमानाचा फोन आला. "गुरुजी, बाजाराच्या दिवशी सत्यनारायण ठेवायचा आहे. जमेल?"

मी म्हणालो, "त्या दिवशी माझी लढाई असते. दुसऱ्या दिवशी येतो."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला?"

"नऊला," मी म्हणालो.