हिराल्दोंच्या घरची धडधाकट

आमच्या डोंगरातल्या गावात एक रीत आहे. पोरं ढीगभर होतात, पण त्यांतल्या एका मुलीचं लग्न करायचं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं, दुखणाईतांचं करायला तिला घरी ठेवायची. रीत कोणी काढली देव जाणे, पण काढणारी बाई नव्हती एवढं लिहून देते. हिराल्दोंच्या घरी ही पाळी ओतिलियावर आली. का, तर ती धडधाकट.

तिची धाकटी बहीण देयानिरा ऐन तारुण्यात डोक्याने बिघडली. कधी रात्र रात्र झोप नाही, भर चौकात गात सुटायची. कधी भिंतीकडे तोंड करून नुसती पडून. आईचंही तसंच होतं, आणि आई शेवटी गेली ती छातीतल्या गाठीने. मावशीचंही तेच. गावाच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं? हिराल्दोंच्या बायकांचं आधी डोकं जातं, मग छाती, असं लोक खुशाल बोलायचे. म्हणून ओतिलिया दर रविवारी चर्चहून आली की बहिणीला न्हाऊ घालायची आणि साबणाच्या हाताने तिची छाती चाचपायची.

"पुरे गं ताई, पीठ मळतेस की काय?"

"गप बस. मक्याचं पीठ तुझ्यापेक्षा शहाणं असतं."

मग मेडेयिन शहरातून संशोधनवाले आले. आमच्याकडे ते नेहमीच येतात. इथे सगळेच एकमेकांचे सोयरे, एकाचं रक्त काढलं की निम्म्या गावाचं कळतं. मनाचं दुखणं आणि छातीचं दुखणं एकाच रक्तातून उतरतं का, ते त्यांना बघायचं होतं. ओतिलियाने बहिणीची बाही वर केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचंही द्या."

"माझं कशाला? आजारी ती आहे."

"तुलनेला निरोगी माणसाचं लागतं."

काही महिन्यांनी बोलावणं आलं. देयानिराच्या रक्तात छातीच्या दुखण्याचा दोष नव्हता. ओतिलियाच्या रक्तात होता. लगेच तिला तपासलं, तर डाव्या काखेजवळ गाठ, आणि ती आजकालची नव्हे.

"हाताला कधी लागली नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बघितलंच नाही."

"दोन्ही दुखणी एकाच दाव्याला बांधलेली असतील असं वाटलं होतं आम्हाला. तुमच्या घरात तरी तसं दिसत नाही. बाकीच्या घरांचं अजून कळायचंय."

ओतिलिया हो म्हणाली. तिला भीती वाटली नाही, रडू आलं नाही, राग तर नाहीच. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती. ऑपरेशन सोमवारी ठरलं. परतीच्या बसमध्ये तिने मक्याची भाकरी खाल्ली, ती गोड होती की खारट तेही तिला कळलं नाही.

रविवारी भाऊ एर्नांदो बायकोपोरांसह जेवायला आला. राजमा वाढता वाढता तिने सांगितलं. त्याचा चमचा थांबला.

"मग देयानिराला कोण बघणार?"

पहिला प्रश्न हा. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या ओतिलियाच्या मनातही पहिला हाच आला होता. तेवढं मात्र तिला टोचलं.

एर्नांदोची नजर फिरत फिरत थोरल्या मुलीवर आली. येसेनियाला नुकताच शिक्षिका होण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "ही आहे की. चांगली धडधाकट आहे."

पोरीने ताटातून मान वर काढली नाही.

"तिला ठेवायचं नाही," ओतिलिया म्हणाली.

"मग कोण?"

"तू."

"मी? अगं, मी पुरुषमाणूस. कामधंदा आहे मला."

"मलाही होता."

पुढे कोणी काही ठरवलं नाही. सोमवारी पहाटे ओतिलियाने कपड्यांची पिशवी घेतली आणि भावाचं दार वाजवून त्याला उठवून आणलं. कोणाचं काही ठरलेलं नसताना ती घराबाहेर पडली, आणि त्याचं तिला वाईटही वाटेना. ती बसमध्ये जाऊन बसली, इंजिन चालूच होतं. एर्नांदो गोळ्यांच्या बाटल्या हातात घेऊन खिडकीपाशी धावत आला.

"ओतिलिया, देयानिराला आधी कुठली द्यायची?"

"तिलाच विचार," ओतिलिया म्हणाली. "तिला माहीत असतं. तू कधी बोलला नाहीस तिच्याशी."